तटाचे दगड कुठे गेले?

मालवणच्या जेटीवर उभे राहून समोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्याचा फोटो न काढणारा पर्यटक विरळाच. मधे थोडे पाणी, पलीकडे कुरटे बेटावर साडेतीनशे वर्षांपूर्वीचा तट. नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर दगडांचे थर, बुरुजावर उगवलेली झुडपे, किल्ल्याकडे निघालेल्या होडीतली माणसे असे सगळे वेगवेगळे ओळखू येते. मग खिशातून फोन निघतो. दोन बोटांनी किल्ला जवळ ओढला जातो, बटण दाबले जाते. रात्री लॉजवर निवांत पाहताना कळते, की तटाच्या जागी नुसता तपकिरी पट्टा उमटला आहे. थर गायब, झुडपे म्हणजे हिरवे डाग, होडीतल्या माणसांना चेहरेच नाहीत.

गंमत अशी, की त्याच पर्यटकाच्या घरी कपाटात कधी कधी २००६ च्या सुमाराचा, दहापट झूमचा एखादा छोटा डिजिटल कॅमेरा पडून असतो. त्यावर ५ मेगापिक्सेल असे छापलेले. फोनच्या जाहिरातीत आकडा होता ५० चा. तरी त्या जुन्या कॅमेऱ्याने याच जेटीवरून काढलेल्या फोटोत तटाचे थर मोजता येतात. पिक्सेल दहापट आणि दगड मात्र गायब, हे कसे?

त्याचे उत्तर कॅमेऱ्याच्या तोंडावरच्या काचेत आहे. फोटो आधी त्या काचेत तयार होतो. पिक्सेल काचेने दिलेल्या मालाची फक्त मोजदाद करतात.

ठिपके आणि चिमूट

पिक्सेल म्हणजे सेन्सरवरचा, प्रकाश मोजणारा एक चिमुकला कप्पा. असे दहा लाख कप्पे म्हणजे एक मेगापिक्सेल. आपल्यावर किती प्रकाश पडला एवढेच तो कप्पा सांगू शकतो. तो प्रकाश तटाच्या कुठल्या दगडावरून आला, शेजारच्या दगडाचा प्रकाश त्यात मिसळला आहे का, याची त्याला गंधवार्ता नसते. दगड वेगळे ठेवायचे काम भिंगाचे.

एका दगडावरून निघालेला प्रकाश चहूकडे पसरतो. त्यातला जो भिंगावर पडतो, तो भिंगाच्या मध्यावरही पडतो आणि कडांवरही. या सगळ्या किरणांना वाकवून भिंगाने पुन्हा एका जागी आणायचे असते, आणि हेच तटाच्या प्रत्येक बिंदूसाठी, एकाच वेळी, न चुकता करायचे असते. कुठलेच भिंग हे पूर्णपणे साधत नाही. बिंदूच्या जागी ते एक बारीकशी चकती उमटवते. चांगल्या भिंगाची चकती लहान आणि ठसठशीत असते. सुमार भिंगाची मोठी, कडेला फिसकटलेली.

ठिपक्यांची रांगोळी आठवून पाहा. ठिपके कितीही जवळ जवळ मांडा. चिमटीतून पडणारी रेघच बोटभर जाड असेल तर एका रेघेखाली चार ठिपके झाकले जातात आणि नक्षी उमटतच नाही. ठिपके म्हणजे पिक्सेल, रेघेची जाडी म्हणजे भिंगाची चकती. बारीक नक्षी हवी असेल तर आधी चिमूट सुधारावी लागते, नुसते ठिपके वाढवून भागत नाही.

आता थोडे आकडे. खिशात मावणाऱ्या बहुतेक साध्या कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारे ६.२ मिलिमीटर रुंद आणि ४.६ मिलिमीटर उंच असतो. एवढ्याशा जागेत २० मेगापिक्सेल कोंबले की एका पिक्सेलची रुंदी होते साधारण १.२ मायक्रॉन; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आणि प्रकाशाची चकती? काच अगदी निर्दोष घडवली तरी ती एका मर्यादेखाली जात नाही, कारण प्रकाश लहरींनी बनलेला आहे आणि अरुंद छिद्रातून जाताना लहरी थोड्या पसरतातच. भिंग पूर्ण उघडे, म्हणजे एफ/२.८ असेल (या आकड्याचा अर्थ पुढे येईलच), तर हिरव्या प्रकाशाची चकती ३.८ मायक्रॉनच्या आसपास येते. झूम ताणल्यावर तेच भिंग एफ/६.५ वर गेले, की चकती ८.७ मायक्रॉनची होते. म्हणजे एका चकतीखाली आडवे सात पिक्सेल. चकती मध्याशी ठळक आणि कडेला पुसट असते, त्यामुळे तिच्या निम्म्या अंतरावरचे दोन बिंदू कसेबसे वेगळे कळतात हे खरे. पण सातातले बरेच पिक्सेल एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत बसतात, हेही तितकेच खरे. हा हिशेब आदर्श काचेचा. दुकानातल्या स्वस्त कॅमेऱ्याची काच त्याहून मागेच असते.

मग मेगापिक्सेलचा एवढा बोलबाला का? कारण तो एकच आकडा आहे आणि खोक्यावर मावतो. काचेचा चांगलेपणा एका आकड्यात सांगता येत नाही. डिजिटल कॅमेऱ्यांच्या भरभराटीत, २०१० साली, जपानी कंपन्यांनी मिळून १२ कोटींवर कॅमेरे बाजारात पाठवले. त्या गर्दीत गिऱ्हाईक पटवायला ८, १०, १२, १६ अशी चढती भाजणी सोयीची होती. घरातल्या अल्बमसाठी पाच बाय सात इंचांचा उत्तम छपाईचा फोटो हवा असेल तर सव्वातीन मेगापिक्सेल पुरतात, हे मात्र कुठल्याच खोक्यावर नव्हते.

वालावलच्या जत्रेतला संकासुर

भिंगाचे दुसरे काम प्रकाश गोळा करण्याचे. इथे ‘एफ’ नावाच्या आकड्याशी ओळख करून घ्यावी लागते, पण तो दिसतो तितका अवघड नाही. दूरच्या वस्तूची स्पष्ट प्रतिमा भिंगापासून जितक्या अंतरावर पडते ते त्याचे नाभीय अंतर. त्याला भिंगाच्या उघड्या छिद्राच्या रुंदीने भागले की एफ-आकडा मिळतो. भागाकार असल्यामुळे तो उलटा चालतो. आकडा लहान, तर छिद्र मोठे आणि प्रकाश जास्त. एफ/२.८ आणि एफ/५.६ यांत प्रकाशाचा फरक दुपटीचा नसून चौपट असतो, कारण छिद्राची रुंदी निम्मी झाली की क्षेत्रफळ चौथाईवर येते.

दुपारी तारकर्लीच्या पांढऱ्या वाळूत याने काही बिघडत नाही. तिथे प्रकाशाला तोटा नसतो. फरक पडतो रात्री. वालावलच्या जत्रेत दशावतार उभा आहे, बल्बांच्या उजेडात काळ्या वेशातला संकासुर उड्या मारतो आहे. एफ/२.८ च्या भिंगाला जिथे सेकंदाचा साठावा भाग पुरतो, तिथे एफ/५.६ च्या भिंगाला पंधरावा भाग लागतो. तेवढ्या वेळात संकासुर हातभर सरकलेला असतो, आणि फोटोत उरतो काळा धूर. सरकणे टाळायचे म्हणून कॅमेरा सेन्सरची संवेदनशीलता वाढवतो. मग चित्रभर रवाळ ठिपके येतात. ते पुसण्यासाठी आतले सॉफ्टवेअर फिरते, आणि पुसता पुसता संकासुराच्या दाढीचे केसही पुसून टाकते. फ्लॅश मारला तर पुढच्या दोन रांगांतली डोकी तेवढी उजळतात. शिवाय रंगात आलेल्या नटाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणे हा उद्धटपणा आहे, तो वेगळाच.

फोनवाले इथे म्हणतील, की आमचा फोन एफ/१.८ आहे. बरोबर आहे. चांगल्या फोनचे मुख्य भिंग, झूम न करता वापरले, तर आज बहुतेक साध्या कॅमेऱ्यांना मागे टाकते. घरगुती समारंभ आणि ताटातली सोलकढी एवढेच टिपायचे असेल तर वेगळा कॅमेरा घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

[चौकट]
भिंगाभोवती कोरलेली अक्षरे

कॅमेऱ्याच्या खोक्यावरचे वाचण्याआधी भिंगाच्या कड्यावरचे वाचा. समजा तिथे ‘४.५–२२.५ मिमी १:२.८–५.९’ असे आहे. पहिली जोडी नाभीय अंतराची. मोठ्या आकड्याला लहानाने भागा: २२.५ भागिले ४.५ म्हणजे ५. हा खरा, काचेचा झूम. दुसरी जोडी एफ-आकड्यांची. झूम न करता २.८, झूम ताणल्यावर ५.९. म्हणजे पूर्ण झूमवर भिंग सुरुवातीच्या पाव हिश्शाहूनही कमी उजेड सेन्सरवर पोचवते. दोन कॅमेऱ्यांत निवड करताना ही दुसरी जोडी शेजारी शेजारी ठेवून पाहावी. लहान आकड्यांचे भिंग महाग पडते, आणि ते उगाच नाही. खोक्यावर ‘डिजिटल झूम’ म्हणून जे काही लिहिले असेल, ते वाचू नये.
[चौकट समाप्त]

विजयदुर्गावर फाकवलेले रंग

पांढरा उजेड सगळ्या रंगांचा बनलेला असतो आणि काच प्रत्येक रंगाला थोडे वेगळे वाकवते. निळ्याला जास्त, तांबड्याला कमी. भिंगाची कड म्हणजे एक प्रकारचा लोलकच. त्यामुळे एकाच भिंगातून निळ्याची आणि तांबड्याची प्रतिमा एकाच जागी पडत नाही. हा दोष पाहायला कोकणात फार लांब जायला नको. पांढऱ्या आकाशावर माडाच्या झावळ्या आल्या, की स्वस्त भिंगाच्या फोटोत प्रत्येक पातीला जांभळी किनार चढते. सगळ्यात जास्त चित्राच्या कोपऱ्यांत.

हा दोष काढताच येणार नाही, असे न्यूटनचे मत पडले होते. पुढे दोन वेगळ्या प्रकारच्या काचांची भिंगे एकमेकांना चिकटवली, तर एकाने फाकवलेले रंग दुसरे गोळा करते, हे लक्षात आले. लंडनच्या जॉन डॉलंडने १७५८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. आजच्या कॅमेऱ्यात भिंग म्हणजे एक काच नसतेच. छोट्याशा नळीत सात, आठ, दहा काचा असतात. काही फुगीर, काही खोलगट, काही रंग कमी फाकवणाऱ्या खास काचेच्या. किंमत या नळीची असते.

कॅमेऱ्यात ज्या दोषावर इतका खर्च होतो, तोच दोष मुद्दाम वापरायला एक गोरा साहेब आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आला होता. विजयदुर्ग किल्ल्यात ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉकियरने हीलियम इथूनच शोधला, असे गावात सांगतात, आणि त्या तारखेला हीलियम दिनही साजरा होतो. गावच्या अभिमानाला धक्का न लावता सांगायचे तर १८६८ च्या ग्रहणाला लॉकियर भारतात नव्हता. त्या दिवशी गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सेन होता. लॉकियरने सूर्याच्या कडेची हीलियमची पिवळी रेषा टिपली ती ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडात बसून, ग्रहण नसताना. विजयदुर्गला तो आला तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. हा मुक्काम मात्र कागदोपत्री पक्का आहे. ब्रिटिश आरमाराची ‘मेलपोमेनी’ नौका दिमतीला होती, आणि तिच्यावरच्या लोकांनी निरीक्षणाला हातभार लावला. माझ्या मते ही खरी हकीकत दंतकथेहून कमी रंजक नाही.

त्याच्याजवळचे मुख्य हत्यार म्हणजे भिंगापुढे लोलक बसवलेले कॅमेरे. चंद्राने सूर्य पुरता झाकला, की क्षणभर सूर्याच्या कडेची फक्त एक बारीक कोर उरते. लोलक त्या कोरीचा प्रकाश रंगारंगांत फाकवतो, आणि फोटोच्या काचेवर एकच कोर न उमटता ओळीने अनेक कोरी उमटतात. हायड्रोजनची तांबडी कोर एका जागी, हीलियमची पिवळी दुसऱ्या जागी, कॅल्शियमची आणखी पलीकडे. कुठली कोर किती उजळ, यावरून सूर्याच्या वातावरणात काय आहे ते वाचता येते. पण लोलकाने फाकवलेल्या या कोरी एकमेकींत मिसळायच्या नसतील, तर मागचे भिंग चोख हवे. खग्रास अवस्था टिकली दोन मिनिटांच्या आसपास. भिंग फसवे निघाले असते तर पुन्हा काढू म्हणायची सोय नव्हती.

त्याच दिवशी, त्याच ग्रहणाच्या वाटेवर, वऱ्हाडात तळणीला अ‍ॅनी माँडर ही इंग्लंडहून आलेली निरीक्षक एक लहानसा कॅमेरा लावून बसली होती. भिंग जेमतेम दीड इंच रुंद. सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाचा लाखो मैल लांब गेलेला एक फिकट झोत तिच्या फोटोत आला. तेवढ्या लांबीचा झोत त्याआधी कुणाच्याच फोटोत आला नव्हता. मोठ्या दुर्बिणी असताना छोट्या कॅमेऱ्याला हे कसे साधले? तिच्या भिंगाचे नाभीय अंतर आखूड होते, म्हणजे एफ-आकडा लहान, म्हणून मंद उजेडही काचेवर दाट पडला. मोठ्या दुर्बिणीचे भिंग रुंद खरे, पण नळी फार लांब, त्यामुळे गोळा केलेला प्रकाश मोठ्या प्रतिमेत विरळ होतो. वालावलचा संकासुर आणि तळणीचे प्रभामंडळ यांना एकच नियम लागू आहे.

वाकलेले क्षितिज

किनाऱ्यावर राहणाऱ्याला भिंग तपासायची एक फुकट सोय मिळालेली आहे. समुद्राची रेघ. कॅमेऱ्याचा झूम पूर्ण मागे घ्या, म्हणजे जास्तीत जास्त रुंद दृश्य दिसेल. चिवला किनाऱ्यावर उभे राहून एक फोटो असा काढा की क्षितिज चौकटीच्या बरोबर मधून जाईल, आणि दुसरा असा की ते वरच्या कडेला टेकेल. पहिल्यात रेघ सरळ येईल. दुसऱ्यात ती धनुष्यासारखी वाकलेली दिसली तर तो भिंगाचा दोष.

काही जणांना हा पृथ्वीचा गोलावा वाटतो. तसे नाही. पाण्याच्या कडेला उभ्या माणसाला दिसणारे क्षितिज पावणेपाच किलोमीटरच्या आतच असते आणि तिथला गोलावा साध्या फोटोत दिसण्याइतका नसतो. गोलावा पृथ्वीचा असता तर मधल्या रेघेतही आला असता.

आजचे पुष्कळ कॅमेरे हा वाक सॉफ्टवेअरने सरळ करून देतात. रेघ सरळ होते खरी, पण त्यासाठी कोपरे ताणावे लागतात, आणि ताणलेल्या कोपऱ्यातला तपशील पातळ होतो. म्हणून क्षितिज सरळ आले तरी एकदा कोपऱ्यातली वाळू मोठी करून पाहावी. मध्यभागी वाळूचे कण आणि कोपऱ्यात नुसता लगदा, असे असेल तर काय झाले ते ओळखावे. दुकानात समुद्र नसतो. तिथे समोरच्या दुकानाचे रोलिंग शटर किंवा फरशीचे चौकोन चालतात.

सूर्य समोर असताना

मालवणात संध्याकाळी सगळे कॅमेरे पश्चिमेला तोंड करून उभे असतात, आणि भिंगासाठी याहून कठीण परीक्षा नाही. काचेवर पडलेला सगळाच प्रकाश आत जात नाही. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. नळीत सात सुट्या काचा असतील तर पृष्ठभाग झाले चौदा. प्रत्येकाने ४ टक्के परतवले तर शेवटी पोचतो ५६ टक्के. उरलेला जातो कुठे? बराचसा काचा-काचांमध्ये ठेचकाळत राहतो आणि शेवटी सेन्सरवर भलत्याच जागी पडतो. फोटोत सूर्यापासून तिरक्या ओळीत हिरवे-गुलाबी गोल दिसतात ते हेच. त्याहून वाईट म्हणजे सगळ्या चित्रावर पसरलेला दुधट पडदा, ज्यात होडीचा काळा आकार राखाडी होऊन जातो.

यावरचा उपाय जुन्या भिंगांनीच सुचवला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅरल्ड डेनिस टेलर या इंग्रज भिंगकाराच्या लक्षात आले, की वापरून डागाळलेली, पृष्ठभागावर पुट चढलेली भिंगे नव्या लखलखीत भिंगांहून जास्त प्रकाश आत सोडतात. ते पातळ पुट परतणाऱ्या प्रकाशाला आवर घालत होते. १९३५ मध्ये झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुलाने असे पुट निर्वात पेटीत मुद्दाम चढवण्याची रीत काढली. आजच्या प्रत्येक बऱ्या भिंगावर असे एक किंवा अनेक थर असतात. तपासायचे असेल तर भिंग ट्यूबलाइटखाली तिरके धरावे. प्रतिबिंबे मंद हिरवी, जांभळी दिसली तर थर चांगले आहेत. पांढरीफेक, डोळे दिपवणारी दिसली तर सूर्यास्ताची हौस दुसऱ्या कॅमेऱ्यावर भागवावी.

दोन प्रकारचा झूम

आता जेटीवर परत. फोनवर दोन बोटांनी किल्ला जवळ ओढला तेव्हा, त्या फोनला दूरच्या दृश्यासाठी वेगळे भिंग नसेल, तर कुठलीच काच हलली नाही. फोनने चित्राचा मधला तुकडा कापला आणि फुगवला. खोक्यावरचा ‘डिजिटल झूम’ तो हाच. दहापट ओढले तर रुंदीचा दहावा आणि उंचीचा दहावा भाग उरतो, म्हणजे चित्राचा शंभरावा हिस्सा. ५० मेगापिक्सेलचा शंभरावा हिस्सा म्हणजे अर्धा मेगापिक्सेल. त्यातही छोट्या भिंगाच्या चकत्या तेवढ्याच पटीने फुगल्या. उरलेल्या जागा सॉफ्टवेअरने अंदाजाने भरल्या, आणि अंदाजाला तटाचे दगड ठाऊक नसतात.

जुन्या कॅमेऱ्यात बटण दाबल्यावर घर्रर्र आवाज होऊन नळी बाहेर येते. आतले काचांचे गट पुढेमागे सरकतात, नाभीय अंतर वाढते आणि किल्ल्याची प्रतिमाच सेन्सरवर मोठी पडते. पाचच्या पाच मेगापिक्सेल किल्ल्याच्या वाट्याला येतात.

म्हणून देवबागच्या होडीतून डॉल्फिन, माडाच्या शेंड्यावरचा समुद्री गरुड, रापण ओढणाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा ताण, हे ज्याला दुरून टिपायचे आहे, त्याला साधा कॅमेरा घेण्याचे कारण आजही आहे. पण इथेही हावरेपणा नडतो. ३० पट, ४० पट झूम खिशात मावणाऱ्या नळीत बसवायचा तर सेन्सर चिमुकला ठेवावा लागतो, छिद्र अरुंद होते, आणि एकाच भिंगाला रुंद दृश्यापासून दूरच्या गरुडापर्यंत सगळे साधायला लावले की ते कशातच अव्वल राहत नाही. एक इंची म्हणून ओळखला जाणारा सेन्सर क्षेत्रफळाने नेहमीच्या छोट्या सेन्सरच्या चौपट असतो. त्याच्यापुढे तीन ते दहापट झूमचे चांगले भिंग असलेला कॅमेरा, पैसे परवडत असतील तर, मला जास्त शहाणपणाचा वाटतो. होडीत वापरायचा असेल तर हाताचा कंप शोषणारी, भिंगातलीच सोय आहे का हेही विचारावे. होडीचे डोलणे मात्र ती थांबवू शकत नाही. मे महिन्यातल्या भरदुपारी तापलेल्या वाळूवर जी हवा थरथरते, तिच्यापुढे तर लाखाचे भिंगही हात टेकते. दूरचे फोटो सकाळी लवकर काढावेत.

खारा वारा, ओला पावसाळा

या किनाऱ्यावर भिंग घेण्याइतकेच ते टिकवणे अवघड. लाटांचे तुषार हवेत उडतात, पाणी सुकते आणि मिठाचा पातळ थर काचेवर बसतो. चार दिवस किनाऱ्यावर फिरलेल्या कॅमेऱ्याचे भिंग उजेडात धरले तर तो दिसतो. मीठ असलेली काच शर्टाच्या टोकाने कोरडी पुसली, की मिठाचे आणि वाळूचे कण त्या नाजूक थरांवर ओरखडे काढतात. आधी रबरी फुंकणीने कण उडवावेत, मग स्वच्छ पाण्यात किंचित ओलसर केलेल्या मऊ फडक्याने हलके टिपावे. आणि नळी बाहेर आलेल्या अवस्थेत कॅमेरा वाळूवर ठेवू नये. एक कण नळीच्या दातेरी चाकांत गेला तर कॅमेरा उघडतही नाही, मिटतही नाही.

खरा शत्रू मात्र बुरशी. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात. कपाटात, त्यातही चामडी पाकिटात, महिनोन्महिने मिटून ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या आतल्या काचांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात. काचेवरची धूळ आणि बोटांचा तेलकटपणा हे बुरशीचे खाद्य. वाढताना ती आम्ल सोडते आणि काचेवरचे थर खाऊन टाकते. धागे पुसता येतात, खाल्लेला थर परत येत नाही. पावसाळ्यात कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, पुड्या ओल्या झाल्या की बदलाव्यात किंवा तापवून सुकवाव्यात, आणि आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरावा. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तांदळाची पूड नळीत जाते. तो सल्ला ऐकू नये.

हल्ली जुन्या छोट्या कॅमेऱ्यांना तरुण मुलांमध्ये पुन्हा मागणी आली आहे, आणि कपाटातले कॅमेरे विकायला बाहेर निघत आहेत. असा एखादा घेताना मेगापिक्सेल विचारू नका. कॅमेरा सुरू करा, झूम पूर्ण पुढे न्या, पूर्ण मागे आणा. नळी अडखळली तर ठेवून द्या. मग फोनचा टॉर्च भिंगावर तिरका पाडून आत पाहा. धुळीचे दोन-चार कण चालतील, फोटोत ते दिसत नाहीत. धागे किंवा धुके दिसले तर मात्र किंमत कितीही कमी असली तरी सोडून द्या. या छोट्या कॅमेऱ्यांची नळी उघडून आतून साफ करायची मजुरी पुष्कळदा कॅमेऱ्याच्या किमतीहून जास्त होते.